शकुंतलेच्या खुणा जपूया

आज बचतीचा हिशेब थोडा बाजूला ठेवू आणि आपल्या शकुंतलेबद्दल बोलू.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी आपली छोटी गाडी. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट अशी गावं घेत ७६ किलोमीटर जायला तिला चार तासांच्या आसपास लागत. पण तिकीट स्वस्त होतं. माहेरी निघालेली लेक असो की बाजाराला निघालेली बाई, दोघींनाही ती परवडायची. आता काही वर्षांपासून ती बंद आहे.

ही लाइन इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने टाकली. वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायचा, हा हेतू. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस या रुळांवरून गेला. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेलचं आलं.

गाडी बंद पडली की आधी काय जातं? लोखंड. सिग्नलचा खांब, सांधा बदलायची लिव्हर, स्टेशनची खिडकी, एकेक करून भंगारात जातं. आपल्याला ते गंजलेलं दिसतं. पण त्यात मोठी अक्कल आहे.

मोठ्या स्टेशनांवर सिग्नलची केबिन असायची. उंचावरची खोली, आत लिव्हरची रांग. एक लिव्हर ओढली की तारेने दूरचा सिग्नल पडायचा, दुसरीने रुळाचा सांधा बदलायचा. या लिव्हर एकमेकींना आतून अडकवलेल्या असत. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलची लिव्हर हलायचीच नाही. कुकरमध्ये वाफ असेतो झाकण निघत नाही ना, तसंच. माणूस चुकला तरी गाड्या आदळू नयेत, ही सोय विजेशिवाय केलेली होती.

इंग्लंडमध्ये महायुद्धांच्या काळात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा अशा केबिनमध्ये बायांनी काम केलं. त्याच देशात २०१३ साली २६ जुन्या केबिन संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतल्या. यादीत नाव आलं की परवानगीशिवाय पाडता येत नाही, मनाला येईल तसा बदलही करता येत नाही. श्रूजबरी गावची १९०३ सालची १८० लिव्हरची केबिनही अशीच जपलेली आहे.

आपल्याकडेही वारसा जपायची सोय आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियम आहेत. बोरीबंदरचं स्टेशन २००४ साली जागतिक वारसा झालं. मग वऱ्हाडातल्या छोट्या स्टेशनाचा विचार का होऊ नये? आपल्या गावाचं नाव इतिहासात १८०३ च्या तहामुळे येतं. तो तह राजा आणि कंपनी सरकारचा. शकुंतला मात्र आपल्यासारख्यांची.

काही जणी म्हणतात, "ताई, आम्हाला गाडी पाहिजे, जुनं लोखंड घेऊन काय करू?" खरं आहे. गाडी पाहिजेच. मोठी लाइन झाली तर आनंदच आहे. पण नवीन रूळ टाकताना जुनं सारं उचलून नेलं, तर पोरांना दाखवायला काही उरणार नाही. नवीन घर बांधलं तरी आपण सासूचं जातं फेकत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन कामं करू. पहिलं, गटातल्या म्हाताऱ्या बायांच्या शकुंतलेच्या आठवणी वहीत लिहून घेऊ. दुसरं, स्टेशनवर आज जे उभं आहे त्याचे फोटो तारीख टाकून ठेवू. तिसरं, ठराव करून एक अर्ज नगर परिषदेला आणि एक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाला देऊ. अर्जाची पोच मात्र घ्यायची, विसरायचं नाही.

एकटीच्या अर्जापेक्षा दहा गटांच्या सह्यांना वजन असतं, हे कर्जाच्या वेळी आपण पाहिलंच आहे. चला, वही आणि पेन काढा. भेटू बैठकीत. नमस्कार!