स्वतःच्या पोटापुरता स्वयंपाक

(शिक्षणासाठी परगावी व परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसमोर माहूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या भावांनो,

आज मी स्वयंपाकावर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. "ताई इतकी वर्षं आम्हाला चुलीपासून उठा म्हणते, आज स्वतःच चुलीपाशी बसवायला लागली," असं एकीने म्हटलंही. तिचं म्हणणं ऐकूनच सुरुवात करते.

आपल्या भागातली एक मुलगी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेली. घरातलीच नव्हे, तिच्या वस्तीतली ती पहिली. निघायच्या महिनाभर आधीपासून तिची आई माझ्यामागे लागली होती, "बाई, लेकराला भाकरी येत नाही. तिथं उपाशी मरंल." त्याच कॉलेजातला एक मुलगा त्याच वर्षी जात होता. त्यालाही काही येत नव्हतं. पण त्याच्या आईला कुणी विचारलं नाही. तिने लाडू-चिवड्याचे डबे भरले, झालं.

चार महिन्यांनी मुलीचा रात्री फोन आला. "ताई, मी इथे शिकायला आले का सैपाकाला?" एका घरात चौघं राहत होती, ती आणि तीन मुलगे. किराण्याचे पैसे सगळे सारखे द्यायचे. पण किराणा चौघांचा आणि हात हिचे. मुलगे वाईट नव्हते. 'ताई' म्हणायचे, जेवणाची तारीफ करायचे. त्या तारिफेत तिचा अभ्यास बुडत होता.

मला तिला उपदेश करता येईना, कारण मीही तेच केलं आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शहरात होते, तेव्हा खोलीवर भाऊ आणि चुलतभाऊ सोबत होते. पहाटे पाचला उठून तिघांचे डबे करायचे, मग वर्गावर जाऊन स्त्रियांच्या श्रमावरची व्याख्यानं लिहून घ्यायची! माझे क्षेत्रकार्याचे अहवाल उशिरा जात. का, ते मी सरांना कधी सांगितलं नाही. मला त्याची लाज वाटायची.

म्हणून त्या रात्री आम्ही दोघींनी फोनवर हिशेब मांडला. बाजार, स्वयंपाक, भांडी मिळून दिवसाला तीन तास. आठवड्याचे एकवीस. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच पगारी काम करता येतं. म्हणजे कायदा जेवढं पगारी काम करू देतो, त्याहून जास्त ती फुकट करत होती. चौघांनी वाटून घेतलं तर एकेकाला सव्वापाच तास येतात. आणि हे परदेशातलंच आहे असं नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला 299 मिनिटं त्यात जातात असं दिसलं. पुरुषाची 97, आणि तीही जे करतात त्यांची. मुळात करणारेच थोडे.

तिने हिशेबाचा कागद फ्रीजला चिकटवला. एक मुलगा रागावला, दोन दिवस बाहेरून आणून खाल्लं, खिसा रिकामा झाल्यावर म्हणाला, "मला येतच नाही." मग तिने शिकवलं. ते काय शिकवलं, तेच मी आज सांगणार आहे. मुलगी जावो की मुलगा, जायच्या आधी दोघांना एवढं आलं पाहिजे.

पहिली, मसुरीची खिचडी. तुरीला कुकर लागतो, मसूर डाळ साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, कांदा, हळद, तिखट, मीठ, मूठभर पालक आणि चार-साडेचार वाट्या पाणी. वरून लिंबू पिळायचं, त्याने डाळ-पालकातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो तेच लोह अडवतो. मुलींनी हे जास्त लक्षात ठेवायचं.

दुसरं, आपलं येसर. याच्यासारखी शिदोरी नाही. कांदा-लसणाची फोडणी करायची, दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून त्यात ओतायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एक उकळी आली की आमटी तयार. भातावर घ्या, पावासोबत घ्या.

तिसरं, धिरडं. भाकरीचा हट्ट धरू नका. तिकडे मिळणारं ज्वारीचं पीठ पुष्कळदा जुनं, विरी गेलेलं असतं. उकळत्या पाण्यात मळलं तरच थापता येतं. शिवाय विजेच्या शेगडीवर भाकरी फुगवायला जाळ नाही. त्याच पिठात बेसन, कांदा घालून धिरडी घाला, कुणालाही जमतात.

चौथी, उसळ. डब्यातले शिजवलेले काबुली हरभरे आणून फोडणीला टाकले की काम झालं. राजमा मात्र कच्चा आणला तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळलाच पाहिजे. अर्धकच्चा राजमा बाधतो. उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नका, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका. आणि मिरचीची फोडणी खिडकी उघडून, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो नि सगळी इमारत खाली येते!

सामान भरताना तूप, पेढे, खवा इंग्लंडसाठी भरू नका, दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाला जाताना खायची प्रत्येक वस्तू अर्जात लिहायची. सिंगापूर आणि अमिरातीत खसखस चालत नाही, म्हणून काळ्या मसाल्यात ती आहे का ते बघा.

पोटाचा प्रश्न लहान नाही. लंडनला शिकताना बाबासाहेबांनी पापड भाजून खाऊन रात्री काढल्या. 1883 मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी थंडी आणि शेगडीचा धूर सोसत, शाकाहार सांभाळत शिकल्या. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. शिकणाऱ्याचं पोट रिकामं राहू नये, यासाठी स्वयंपाक यायला हवा. पण दुसऱ्यांची पोटं भरण्याची नेमणूक तिच्यावर कुणी करू नये.

तिच्या घरात आता वार ठरलेत. ज्याचा वार त्याचा स्वयंपाक, भांडी दुसऱ्याची. एकाची खिचडी अजून करपते. सगळे खातात.

आपण इथून एवढं ठरवून उठू या. या सुट्टीत घरातल्या मुलग्याला आठवड्यातले दोन वार द्यायचे. तो चुकला तर हातातून पळी काढून घ्यायची नाही. आयांनो, हेच आपल्याला सगळ्यांत जड जाणार आहे, मला ठाऊक आहे. मलाही गेलं.