कोठाराने राखलेले प्रार्थनामंदिर

श्रोते हो, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात ब्रॅडवेल नावाचे गाव आहे. गावापासून दूर, समुद्राच्या काठी, एक उंच, साधी दगडी इमारत एकटीच उभी आहे. सेड नावाच्या साधूने इ. स. ६५४ च्या सुमारास बांधलेले हे संत पीटरचे प्रार्थनामंदिर. दगडविटा कुठल्या? तिथेच पडलेल्या जुन्या रोमन किल्ल्याच्या!

पुढे उपासना थांबली आणि मंदिराचे शेतावरचे कोठार झाले. गाड्या आत जाव्यात म्हणून दोन्ही लांब भिंतींना मोठी दारे पाडली गेली. तुम्ही म्हणाल, केवढा हा अनर्थ! मलाही आधी तसेच वाटले. पण असं पाहा, कोठार गळून कसे चालेल? छप्पर राखावेच लागते. पूर्वेचा अर्धगोल गाभारा गेला. कोठार झाला तो सभामंडप मात्र राहिला.

१९२० साली डागडुजी होऊन तिथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली. ती गाडीदारे बुजवली आहेत, पण त्यांच्या खुणा भिंतींत आजही स्पष्ट दिसतात.

शिक्षकबंधूंनो, इतिहास शिकवताना बांधणाऱ्या साधूचे नाव जरूर सांगा. पण छपरावर चढून ते नीट करणारा, नाव मागे न राहिलेला माणूसही सांगा. आणि शेतकरीदादा, गोठ्याच्या भिंतीत एखादा जुना घडीव चिरा दिसला, तर तो उपटण्याआधी घटकाभर थांबा बरं का.