दिंडीची गाडी : आधी थांबणं, मग चालणं

(शताब्दी मेळाव्यात दिंडीची गाडी सांभाळणाऱ्या मंडळींच्या वतीने केलेले भाषण)

राम कृष्ण हरी.



सकाळपासून कीर्तन झालं, जुन्या जाणत्यांनी आठवणी सांगितल्या. आता आमच्या वाट्याला गाडी आली आहे. दिंडीत आम्हाला सगळे 'गाडीवाले' म्हणतात. तुम्ही पहाटे काकड्याला उभे राहता, तेव्हा आम्ही राहुट्यांच्या मेखा उपटत असतो. तुम्ही टाळ वाजवत निघता आणि आम्ही पातेली, पोती, वळकट्या भरून पुढच्या मुक्कामाला जातो. त्यामुळे आमची वारी बरीचशी गाडीच्या आवाजातच होते. त्या आवाजातून आम्ही जे शिकलो ते आज सांगतो. त्यात एक चूकही आहे. शंभर वर्षांच्या पुस्तकात फक्त चांगलंच छापू नये, असं आम्हाला वाटतं.

आमची गाडी म्हणजे टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं आणि खेडोपाडी असं रुजलं की त्याचा मिस्त्री नाही असं तालुक्याचं गाव सापडणार नाही. सेकंडहँड गाडी घेताना आम्ही हाच विचार केला. लोणंदला बिघडली तर लोणंदला, माळशिरसला बिघडली तर माळशिरसला दुरुस्त झाली पाहिजे. जुन्या गाडीचा पहिला गुण हाच, की तिचा पार्ट मिळतो आणि तिला ओळखणारा हात मिळतो.

गाडी आली आणि आम्ही तिचं घर करायला लागलो. हौद्यावर लोखंडी कमानी आल्या, ताडपत्री आली. आत दोन्ही बाजूंना रॅक, एकीकडे कोठी, दुसरीकडे राहुट्या. फाळका उघडला की तो साखळ्यांवर आडवा राहतो, त्यावर भाजी चिरायची सोय. वर टपावर पाचशे लिटरची पाण्याची टाकी. रात्रीला दिवे. पुढं मोबाईल आले, तेव्हा चार्जिंगचे पंधरा-वीस पॉइंट. बायकामाणसं म्हणाली, झकास झालं. आम्हीही छाती फुगवली.

आता चूक सांगतो.

एका वर्षी वारीच्या आधी आम्ही गाडीला रंग दिला, विठ्ठल-रखुमाईचं चित्र काढून घेतलं, रॅक नवे केले. मिस्त्री म्हणाला होता, हँडब्रेकची केबल ताणली गेली आहे, बदला. आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू, यंदा खर्च फार झाला. गाडीची बॅटरीही उतरत होती, कारण रात्रभर दिवे आणि मोबाईल त्याच बॅटरीवर. त्यावर आमचा उपाय काय? मुक्कामाला गाडी उताराला तोंड करून लावायची, म्हणजे सकाळी ढकलून चालू करता येते.

वाल्ह्याचा मुक्काम होता. उताराचं शेत, दुपारचं ऊन. दिंडीतल्या एक आजी सावली बघून गाडीखाली आडव्या झाल्या. आम्हाला पत्ता नाही. आम्ही मागून पोती उतरवत होतो. गाडी न्यूट्रलला, भिस्त सगळी हँडब्रेकवर. एक पोतं धाडकन खाली टाकलं आणि गाडी हलली. वीतभरच हलली. पुढं चुलीसाठी मांडलेला दगड होता, त्याला चाक टेकलं आणि थांबली. आजी उठून बसल्या. "काय झालं रं?" म्हणाल्या. मागच्या चाकात आणि त्यांच्या डोक्यात हातभराचं अंतर राहिलं होतं.

त्या रात्री आम्ही कोणी जेवलो नाही. पांडुरंगानं वाचवलं असं सगळे म्हणाले, आम्हीही म्हटलं. पण खरं तर त्या दगडानं वाचवलं, आणि तो दगड आम्ही गाडीसाठी ठेवलेला नव्हता. बसून विचार केला तेव्हा कळलं, की हे एका हँडब्रेकचं काम नव्हतं. दिवे आणि मोबाईलनं बॅटरी संपवली, बॅटरीनं गाडी उतारावर आणली, उतारानं सगळा भार त्या केबलवर टाकला. तीन कामं आम्ही एकेक करून पुढं ढकलली आणि तिन्ही त्या दुपारी एकत्र आली.

दिंडीत एक म्हातारे बाबा होते, लहानपणी बैलगाडीबरोबर चाललेले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आम्ही बैल सोडायच्या आधी चाकाला दगड लावायचो. तुम्हाला लोखंडाचा ब्रेक मिळाला आणि दगड विसरला."

तेव्हापासून आमचा क्रम ठरला : आधी थांबणं, मग चालणं, मग राहणं. पैसा आणि वेळ याच क्रमानं खर्च करायचा.

थांबणं म्हणजे ब्रेक आणि टायर. वारीच्या महिनाभर आधी चारही ड्रम उघडतो. लायनर झिजले असतील तर बदलतो, ऑइल गळत असेल तर सील बदलतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. जुनं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि पायडल पोकळ लागतं. म्हणून ते काढून नवं भरतो आणि एअर काढतो. हँडब्रेक उतारावर, भरल्या गाडीनं तपासतो, कारण सपाट अंगणात कोणताही हँडब्रेक पास होतो. आणखी एक. या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्युमची मदत असते. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडली, की दोन-चार वेळा पाय दिल्यावर ती मदत संपते आणि पायडल दगडासारखं होतं. परतीला दिवे घाट उतरताना गाडी खालच्या गिअरलाच राहील, हा नियम ड्रायव्हर बदलला तरी बदलत नाही.

चालणं म्हणजे इंजिन, पाटे, चासी. वारीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते आणि तापते. म्हणून रेडिएटर, होज पाइप, फॅनचा पट्टा आधी बघतो. पाटे मोजून बघतो, एखाद्याला चीर दिसली की वाट बघत नाही. टपावरची टाकी आम्ही खाली आणली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन. ते डोक्यावर घेऊन गाडी वळणावर झुलायची आणि आम्ही पाट्यांना दोष द्यायचो. आता अडीचशेच्या दोन टाक्या हौद्याच्या तळाशी, मागच्या आसाच्या पुढं आहेत. निघताना एक भरलेली, एक रिकामी. अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळतं आणि गाडीला ओढतं. चासीला मात्र कधी भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही करायचं नाही. रॅक धरायला यू-बोल्ट वापरतो. भोकापाशी चीर सुरू होते आणि ती रंगाखाली दिसत नाही.

राहणं सगळ्यात शेवटी. दिव्यांना आणि मोबाईलला वेगळी बॅटरी दिली. गाडीची बॅटरी आता फक्त गाडीची. बल्ब काढून एलईडी लावले, प्रत्येक वायरीला फ्यूज घातला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवली. सिलिंडर उभे बांधतो, चालताना रेग्युलेटर बंद, स्वयंपाक गाडीच्या बाहेर. ओली ताडपत्री घडी करून हौद्यात टाकत नाही, कारण खालचा पत्रा तिथूनच सडतो. आणि मालाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही, पाय दुखत असले तरी. त्यांच्यासाठी वेगळी जीप आहे.

बदल करताना कागदही बघावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला फिटनेसही दरवर्षी घ्यावा लागतो. याला आम्ही कटकट म्हणायचो. आता म्हणतो, वर्षातून एकदा परका डोळा गाडीखाली बघतो, ते बरंच आहे. आपला डोळा प्रेमानं आंधळा होतो.

आता शेवटचं. शताब्दीनिमित्त नवी गाडी घ्यावी, असा विषय निघाला आहे. जुनीच ठेवा, तिच्यात भावना गुंतली आहे, असंही काही जण म्हणतात. आम्ही तिच्याखाली झोपून हात काळे केले, आमचीही गुंतली आहे. पण आमचं म्हणणं असं : यंदा ब्रेक, पाटे, चासी चोख आहे, म्हणून गाडी येईल. ज्या वर्षी चासीला चीर सापडेल, त्या वर्षी आम्ही स्वतः उभे राहून सांगू की हिला हार घाला आणि सोडा. त्या दिवशी आमच्याशी भावनेनं भांडू नका. त्यासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढा, एवढी दिंडीला विनंती.

एक काम तुम्हां सगळ्यांचंही आहे. मुक्कामाला गाडी थांबली की गिअर टाकलेला असतो, हँडब्रेक ओढलेला असतो आणि दोन चाकांना लाकडी गुटके लागतात. त्याआधी कोणी पोत्याला हात लावत नाही. निघताना आमच्यातला एक जण वाकून चारही बाजूंनी गाडीखाली बघतो आणि मोठ्यानं "माऊली" म्हणतो. ती हाक आली की मगच ड्रायव्हर चावी फिरवतो. ती हाक ऐकू आली नाही, तर तुमच्यातल्या कोणीही, अगदी लहान पोरानंही, गाडी थांबवायची. आम्ही रागावणार नाही.

आजी पुढच्या वर्षी पुन्हा वारीला आल्या. वाल्ह्याच्या शेतात पोहोचल्या, तेव्हा गाडी लागलेली होती. त्यांनी आधी वाकून चाकाचा गुटका बघितला आणि मग सावलीला बसल्या. गाडीखाली नाही, गाडीच्या बाजूला आम्ही बांधलेल्या ताडपत्रीखाली. ती सावली आता दर मुक्कामाला सगळ्यात आधी बांधली जाते.

राम कृष्ण हरी.