गीतांतील स्त्रीरूप : वर्णन कोणाचे, नजर कोणाची?



गोकुळ रोडवरच्या या सभागृहात, कन्नड मुलुखात शंभर वर्षे मराठी ग्रंथ जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलायचे, तर विषय ग्रंथांशी आणि घरांशी, दोहोंशीही निगडित असावा असे मला वाटले. म्हणून गाण्यांतील स्त्रीसौंदर्याचा विषय निवडला. त्याला निमित्तही घडले. वर्गात शाहिरी वाङ्मय शिकवताना नखशिखान्त वर्णनाची एक लावणी चालली होती. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे बाईचे वर्णन आहे की बाजारातल्या मालाची यादी?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. त्या मुलीचा रंग सावळा होता, आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, हे मला पुढे कळले.

अशा प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक रसिकांचे : हा शृंगाररस आहे, त्याची अशी चिरफाड करू नये. दुसरे सुधारकांचे : ही सारी गाणी पुरुषी आहेत, ती अभ्यासक्रमातून काढून टाकावीत. ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. गाणे आधी वाचले पाहिजे. त्यात बोलतो कोण, ऐकतो कोण आणि पैसे मोजतो कोण, हे पाहिले पाहिजे.

आपल्या भाषेच्या पूर्वजांपासून सुरुवात करू. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची विस्तृत प्रस्तावनेसह मराठी आवृत्ती सिद्ध केली. तीत एक गाथा आहे. स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहिणीचा काजळीने माखलेला हात तोंडाला लागतो, गालावर डाग उमटतो, आणि नवरा हसून म्हणतो की आता तुझे मुख खरोखर चंद्रासारखे झाले. चंद्रमुखीची उपमा आपण हजार वेळा ऐकली आहे. परंतु येथे ती डागासकट आली आहे; किंबहुना डागामुळेच पुरी झाली आहे. ही स्त्री आरशापुढे बसलेली नाही, चुलीपुढे आहे. नवऱ्याच्या हसण्यात थोडी थट्टा आहे, थोडे कौतुक आहे. चुलीजवळचे काम मात्र तिच्याच वाट्याला आहे, हेही विसरू नये. तरीसुद्धा सौंदर्याचे हे माप पुढच्या कित्येक शतकांच्या मापाहून मला अधिक माणसाळलेले वाटते.

आता एका शब्दाची गोष्ट सांगतो. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष आपल्या पत्नीचे वर्णन करताना तिला 'श्यामा' म्हणतो. श्यामा म्हणजे सावळी, असे आपल्याला सहज वाटते. टीकाकार मल्लिनाथ मात्र कोशाचा आधार देऊन सांगतो की श्यामा म्हणजे यौवनाच्या मध्यावर असलेली स्त्री. कोशात तो अर्थ आहे, यात वाद नाही. पण मनात येते, की यक्षाची प्रिया सावळी असली तर बिघडले कोठे? व्यासांची द्रौपदी तर 'कृष्णा' या नावानेच ओळखली जाते, आणि तिच्या रूपाविषयी महाभारतात कोणी शंका घेतलेली नाही. एका शब्दाचा अर्थ ठरवताना टीकाकाराच्या काळाची आवडनिवड त्यात उतरत असेल काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क वाचकाला आहे. 'मेघदूता'ची मराठी भाषांतरे चिंतामणराव देशमुखांनी केली, कुसुमाग्रजांनी केली, बोरकरांनी केली, शांताबाई शेळके यांनीही केली. सभासदांनी ती समोरासमोर ठेवून हा एकच शब्द कसा उतरला आहे ते पाहावे. एक संध्याकाळ मजेत जाईल.

पुराणांतही हा रंगाचा प्रश्न आहेच. पार्वती मूळची काळी. शंकराने थट्टेत तिच्या वर्णावरून तिला डिवचले. ती रागावून निघाली, तप केले, काळी कांती टाकली आणि 'गौरी' झाली. भाद्रपदात आपण घरोघरी गौरी बसवतो, तेव्हा या कथेची आठवण कोणाला नसते. माझे लक्ष मात्र नेहमी तिच्या रागाकडे जाते. नवऱ्याची थट्टा तिने मुकाट्याने गिळली नाही. दुसरीकडे आपला विठोबा सावळा. त्याच्या सावळेपणावर संतांनी शतकानुशतके जीव ओवाळून टाकला. तेच अभंग भक्तिभावाने म्हणणाऱ्या घरात मुलगी सावळी निघाली की चिंता सुरू होते! देवाला जो रंग शोभतो तो लेकीला का शोभू नये, याचे उत्तर मला कोणत्याही भाष्यात सापडलेले नाही.

आता त्या लावणीकडे वळतो. रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या शाहिरांच्या काळी पुण्यात पैसा होता आणि ऐकणारा मुख्यतः पुरुष होता. केस, डोळे, नाक, कंबर, चाल. मग नथ, बुगडी, वाकी, तोडे. मग पैठणी नाहीतर चंद्रकळा, असा क्रम लागतो. माझ्या विद्यार्थिनीला ही यादी वाटली ती चुकीची नव्हती. परंतु यादीतही माहिती असते. कोणते दागिने होते, कोणती लुगडी मौल्यवान समजली जात, हे सामाजिक इतिहासकाराला बखरींपेक्षा लावणीत अधिक सापडेल. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळच्या तमाशात नाचणारा बहुधा 'नाच्या पोऱ्या' असे. तमाशाच्या बोर्डावर बाई उभी राहिली ती बरीच उशिरा. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा हे त्यातले गाजलेले नाव. म्हणजे पुरुषाने लिहिलेले स्त्रीचे रूप, मुलग्याने नटून सादर केलेले आणि पुरुषांनी पाहिलेले. या साऱ्या व्यवहारात प्रत्यक्ष स्त्री कोठे होती?

पुढे बोर्डावर बाई आली आणि त्याच शब्दांचा अर्थ पालटला, असे मला वाटते. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातले साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवल्याचे ग. दि. माडगूळकरांचे गाणे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे दागिना आहे, पण तो रूप खुलवण्यासाठी नाही. तो हरवला आहे, आणि हरवला कसा हे सांगण्याच्या मिषाने बाई स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. आशाबाईंच्या आवाजातली ती लबाड फेक ऐकली म्हणजे बघणारा कोण आणि बघितला जाणारा कोण, याचा घोटाळा होतो. लेखणी पुरुषाची असली तरी गळा बाईचा असला की गाण्यात तेवढी जागा तयार होते.

आणि बायकांनी बायकांसाठी रचलेली गाणी? हस्त नक्षत्रात हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरत हादगा म्हणणाऱ्या मुली आपल्याकडच्या घरांतूनही होत्या. त्यातले सासरच्या आणि माहेरच्या वैद्याचे गाणे आठवा. सासरचा वैद्य गबाळा, फाटका. माहेरचा कसा ऐटदार! येथे नखशिखान्त वर्णन आहे, पण ते पुरुषाचे आहे, आणि मापे लावणारी एक सासुरवाशीण आहे. जात्यावरच्या ओव्यांत भावाच्या रूपाचे, त्याच्या पागोट्याचे, त्याच्या येण्याच्या वाटेचे कौतुक पोटभर असते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात ते मायेने गोळा केले. स्वतःच्या नाकाडोळ्यांविषयी जात्यावरची बाई फारशी बोलत नाही. तिला आपल्या हातांविषयी, दुखणाऱ्या खांद्यांविषयी बोलायचे असते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली प्रसिद्ध झाली, त्यांतही तेच. शेत आहे, घरोट आहे, चूल आहे, मन आहे, आरसा नाही.

या हुबळी-धारवाडच्या मातीत आणखी एक नवल घडले. मराठी स्त्रीने नेसावे कसे, गजरा माळावा कसा, हे एके काळी नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) या पुरुषाने ठरवले. कुलीन स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करीत. येथून जवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठीच नावाजले गेले. आणि त्यांच्याच शिष्या गंगूबाई हनगल! हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला तालमीला जाणाऱ्या या बाईंचा आवाज तरुणपणी गोड होता. 'गांधारी हुबळीकर' या नावाने त्यांच्या तबकड्याही निघाल्या होत्या. पुढे घशाच्या उपचारानंतर तो जड, भरदार, पुरुषी म्हणावा असा झाला. स्त्रीचा गळा कोकिळेचा असावा, हेही सौंदर्याचे एक मापच नव्हे काय? बंदिशीतली नायिका नाजूक, तिचे शब्द नाजूक, आणि ते उच्चारणारा तो गंभीर, खर्जात घुमणारा स्वर. ज्यांनी तो ऐकला त्यांना नायिकेच्या पायांतील पैंजणांपेक्षा तिची व्यथा ऐकू आली. २००९ साली गंगूबाई गेल्या. गोडव्याचे माप लावून त्यांचे गाणे मोजता आले नसते, आणि त्यांनीही त्या मापासाठी आपला आवाज बदलू पाहिला नाही.

चित्रपटगीतांतल्या 'गोऱ्या' नायिकांविषयी मी फार बोलत नाही. तेथे वाचण्यासारखे थोडे आणि मोजण्यासारखे पुष्कळ आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढला. वधूवर सूचक जाहिरातींतला 'गोरी' हा शब्द काही अजून निघालेला नाही. त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी काजळीची गाथा वाचायला दिली. तिने ती वाचली आणि विचारले, "नवऱ्याच्या तोंडाला काजळी लागली असती तर तिने काय म्हटले असते?" या प्रश्नाचे उत्तर हालाच्या सातशे गाथांत मी अजून शोधतो आहे.

शेवटी या वाचनालयाला एक विनंती. इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण ज्या मुलुखात विणला जातो, त्या मुलुखातल्या मराठी बायकांची गाणी अद्याप पुरेशी उतरवली गेलेली नाहीत. आपल्या ज्येष्ठ भगिनी-सभासदांना हादग्याची, डोहाळ्यांची, मंगळागौरीची कितीतरी गाणी पाठ असतील. त्यांत कन्नड शब्द मिसळले असतील, चाल येथली असेल. ती जशी म्हटली जातात तशीच, शुद्धलेखनाच्या नावाखाली न सुधारता, एका वहीत लिहून ठेवावीत, आणि ती वही संदर्भ विभागात ठेवावी.