खेळांचा कारखाना

कॅलिफोर्नियांतील अटारी कंपनीनें १९७९ सालीं ‘ॲस्टेरॉइड्स’ हा खेळ बाजारांत आणला. नाणें टाकावें आणि उभ्याउभ्या पडद्यावरील पाषाणखंड फोडावे, एवढाच तो खेळ. पण त्याचीं ७०,००० हून अधिक यंत्रें खपलीं. श्रोत्यांना नवल वाटेल, परंतु मागणी इतकी होती, कीं ‘ल्यूनर लँडर’ या आधींच्या खेळाचें उत्पादन थांबवून त्याच्याच कपाटांत नव्या खेळाचीं पहिलीं कांहीं यंत्रें धाडावीं लागलीं.

अशा कारखान्यांच्या जुन्या चित्रफिती पाहतांना नजर जाते ती हातांवर. सर्किटच्या पाटीवर बारीक भाग बसविणारे हात, डाख तपासणारे हात, जड पिक्चर ट्यूब लांकडी कपाटांत अलगद सोडणारे हात. शेवटीं कोणी तरी कळ दाबून खेळून पाहतो. त्याचें खेळणें म्हणजे नोकरीच!

‘ॲस्टेरॉइड्स’चे जनक म्हणून लाइल रेन्स व एड लॉग यांचीं नांवें सर्वज्ञात आहेत. कपाटें जोडणारांचीं नांवें कोठेंच उमटत नसत. पहिल्या दहांत गुण मिळविणाऱ्या खेळाडूला मात्र आपलीं तीन आद्याक्षरें पडद्यावर नोंदवितां येत. रात्रीं दुकानदारानें वीज बंद केली, कीं तींही पुसलीं जात.