सरकारी कागदाचे वचन

जुन्या नोटांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो तो त्यांच्या किमतीचा. आम्हांला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. या नोटा इतक्या थोड्या का उरल्या?

१८६१ पर्यंत आपल्याकडे नोटा काढीत त्या बँका. त्यांत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील तीन इलाखा-बँका प्रमुख. सरकारी नोटांची योजना जेम्स विल्सन या अर्थसचिवाने मांडली. तो १८६० मध्येच वारला. पण पुढल्याच वर्षी कागदी चलनाचा कायदा झाला आणि नोटा काढण्याचा हक्क एकट्या सरकारकडे आला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीची छबी होती. कागद विलायतेतला, हातांनी घडविलेला. छपाई एकाच बाजूस. सर्वांत लहान नोट दहा रुपयांची, म्हणजे गरिबाच्या हाती क्वचितच पडणारी.

हे वचन सरकारचे खरे, पण त्याला हद्द होती. देशाची मंडळे पाडलेली. ज्या मंडळाची नोट, तिथेच ती हक्काने वटे. कलकत्त्याची नोट मुंबईत घ्यावी अशी सक्ती नव्हती. सराफाने बट्टा मागितला, तर तो मुकाट्याने द्यावा लागे. आपल्या सावकारांच्या हुंड्या मात्र त्याआधीपासून गावोगावी वटत होत्या! लहान नोटांची ही हद्द १९०३ ते १९११ या काळात टप्प्याटप्प्याने उठली.

टपालातल्या चोरीचे भय असे, म्हणून व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत. एक तुकडा पोचल्याचे कळले, की दुसरा धाडीत. त्यात खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला, म्हणून राणीच्या छबीच्या नोटा मागे घेऊन १८६७ पासून नव्या धर्तीच्या नोटा निघाल्या.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नाणे वितळले तरी चांदी उरते. नोट खजिन्यात परतली, रुपये मोजून दिले, की तिचे काम संपले. ती रद्द होऊन नष्ट व्हायची. म्हणजे नोट नाहीशी होणे हीच वचन पाळल्याची खूण. जी उरली, तिचे रुपये बहुधा कुणी मागितलेच नाहीत. ती कुठल्या पेटीच्या तळाशी विसरली गेली असेल, मालक ठेव न सांगताच गेला असेल.

संग्राहकाने दुर्मिळ नोटेचा आनंद अवश्य मानावा. परंतु त्या कागदावर कुणाचे तरी न वटलेले दहा रुपये आहेत, एवढे आपण ध्यानी ठेवू या.