डांगराच्या आळ्यात किती वेल ठेवावेत?
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



परड्यातल्या डांगराविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. हसू नका. पुरते पिकलेले डांगर देठासकट काढून कोरड्या जागी ठेवले तर महिनोन्‌महिने टिकते, आणि तेवढे दिवस गरिबाच्या घरी भाजीसाठी पैसा मोडावा लागत नाही.

आधी आमची चूक सांगतो. गेल्या खरिपात आम्ही एका आळ्यात सहा बिया टोकल्या. सहाही उगवल्या. विरळणीची गोष्ट निघताच म्हातारी आई म्हणाली, "उगवल्या जिवाला कशाला मारता रे?" आम्ही गप्प बसलो. पुढे पानावर पान चढले, वारा खेळेना, भुरी पसरली. सहा वेलांना मिळून तीन डांगरे धरली, तीही मुठीएवढी. आमची दया कोणाच्याच कामी आली नाही.

म्हणून सांगणे असे की, दोन आळ्यांत पाच-सहा हात अंतर ठेवावे. रोपाला चार पाने फुटली की दोन जोमदार रोपे राखून बाकीची काढावीत. ती उपटू नयेत. उपटल्याने शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. विळ्याने जमिनीलगत कापावीत. वेळ टळून वेल एकमेकांत गुंतले असतील, तर ज्याला फळ धरले आहे तो राखावा. ज्याची पाने पिवळी-हिरवी चट्टेदार होऊन आकसली आहेत, तो मात्र आधी काढावा. तो रोग मावा किडीमार्फत शेजारच्या वेलांवर जातो. निरोगी वेलाचे कोवळे शेंडे फेकू नका, त्यांची भाजी होते.

आता मुख्य गोष्ट. पहिली दहा-पंधरा फुले गळाली की कित्येक घरी म्हणतात, हा वेल वांझ आहे. कोणी तो कापतो, कोणी नजर उतरवून घेण्यासाठी दक्षिणा मोजतो. दोन्ही अज्ञान! डांगराच्या एकाच वेलावर नर व मादी अशी दोन्ही फुले येतात. बहुधा नरफुले आधी येतात व गळतात. मादीफूल मागून येते. त्याच्या बुडाशी इवलेसे डांगर असते. फूल पहाटे उमलते व दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात मधमाशीने पराग नेला तरच फळ धरते. माशा दिसत नसतील, तर सकाळी नरफूल तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवावे. यास ना मुहूर्त लागतो ना मंत्र.

बंधूंनो, न पाहता वेलाला वांझ म्हणणारी आपली जीभ घरातल्या सुनेलाही तोच शब्द लावते. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. तरी तपासणी होते ती एकट्या सुनेची, आणि माहेरी धाडली जाते तीही तीच. हा अन्याय आपल्याच उंबऱ्याच्या आत आहे. त्याचा दोष भटावर टाकून आपण सुटणार नाही.

उद्या विळा घेऊन परड्यात जाल, तेव्हा आधी फूल उलटून पाहा. आणि घरात तो शब्द कोणी उच्चारला, तर तिथल्या तिथे त्यास थांबवा.